दुसरी बाटली आमच्या हातात द्या : पाण्याचे नमुने नेणाऱ्यांना बळ्ळारी नाल्याकाठून खुले पत्र

प्रति,
ओढे, नद्या आणि समुद्र यांच्या पाण्यातील दूषित घटकांचा अभ्यास करणाऱ्या संस्था, विद्यापीठांतील विभाग व प्रयोगशाळा, तसेच या पाण्यावर देखरेख ठेवणारे सर्व अधिकारी यांस,

विषय : पाण्याचे नमुने नेऊन निकाल न कळवण्याबाबत, नमुन्याची दुसरी बाटली शेतकऱ्याला देण्याबाबत आणि सिंचनाच्या पाण्याची तपासणी अपुरी असल्याबाबत.

महोदय, महोदया,
स.न.वि.वि.

बेळगाव शहराच्या दक्षिणेला, वडगाव आणि येळ्ळूर यांच्या मधल्या काळ्या शिवारात, बळ्ळारी नाल्याला लागून आमची दोन एकर जमीन आहे. पावसाळ्यात भात आणि भातामागून मसूर किंवा हरभरा, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मी सव्वीस वर्षे हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर शेतीच पाहतो आहे. ज्या नाल्यातून आपण नमुने नेता त्याचेच पाणी माझ्या शेतात शिरते, त्यावर पिकलेला तांदूळ माझ्या घरी शिजतो, आणि आपण काय तपासता, कशासाठी तपासता हेही मला थोडेफार समजते. हे पत्र लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच आहे.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, मसुराची काढणी चालू असताना, एका संशोधन संस्थेची तीन माणसे आमच्या बांधावर आली. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण जे घडले ते एका संस्थेपुरते नाही. नाल्याचा काठ निसरडा होता, म्हणून विहिरीवरची दोरी मी त्यांना आणून दिली. त्यांनी बादली सोडून पाणी वर काढले, त्यातले थोडे प्लास्टिकच्या बाटलीत भरून त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकले, थोडे तपकिरी काचेच्या बाटलीत काठोकाठ भरले आणि उरलेल्या बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या. आम्ल घालतात ते पाण्यातले धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून राहू नयेत म्हणून. तपकिरी काच वापरतात ती कीटकनाशकांसारखी सेंद्रिय रसायने उजेडाने विघटित होऊ नयेत आणि प्लास्टिकने शोषून घेऊ नयेत म्हणून. बर्फ लागतो तो जंतूंच्या आणि बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याच्या, चाचणीसाठी. ही तयारी पाहूनच माझ्या लक्षात आले की ही मंडळी वरवरची तपासणी करायला आलेली नाहीत आणि आमच्या पाण्यात शिसे, कॅडमियम, क्रोमियम किती आहे, हे आता कळणार. बाटल्यांवर ‘एस-४’ अशी चिठ्ठी लागली. ती मी घरी येऊन कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवली. त्यांच्यातल्या संशोधक विद्यार्थिनीने माझा फोन नंबर वहीत उतरवून घेतला आणि दोन महिन्यांत निकाल कळवण्याचे आश्वासन दिले. तिच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही शंका नाही.

पहिल्यांदा विचारले तेव्हा विश्लेषण चालू असल्याचे सांगण्यात आले. वर्षभराने विचारले तेव्हा प्रकल्पाची मुदत संपली होती आणि ती विद्यार्थिनी दुसरीकडे गेली होती. तिसऱ्यांदा मी लेखी पत्र पाठवले, त्याला दोन ओळींचे उत्तर आले की ही माहिती संस्थेच्या मालकीची असून ती व्यक्तिशः देता येत नाही. गेल्या महिन्यात आणखी दुसरी मंडळी आली, त्यांच्याकडेही तसेच डबे आणि तशाच बाटल्या होत्या, आणि त्यांनीही दोरी मागितली. मी दोरी दिली, कारण पाणी तपासले जाऊ नये असे मला कधीच वाटणार नाही. पण त्या संध्याकाळी हे पत्र लिहायला बसलो.

बळ्ळारी नाला हे नाव आपल्या नकाशावर बारीक अक्षरांत असेल, किंवा नसेलही. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन तो वडगाव, जुने बेळगाव, हलगा, बसवण कुडची या गावांच्या शिवारांतून पुढे जातो, मार्कंडेय नदीला मिळतो, मार्कंडेय घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला. कृष्णा पुढे आलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणे ओलांडून आंध्रातील हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. आमच्याच जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळते आणि मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रात जाते. एकाच जिल्ह्यातले पाणी दोन समुद्रांना जाते, त्यामुळे आमच्या भागात पाण्यात जे मिसळते त्याची नोंद समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांनीही घ्यायला हवी. समुद्रातले बहुतेक प्रदूषण जमिनीवरूनच येते, हे आपणच आम्हाला सांगत आला आहात. बेळगावच्या बाजारात गोवा, कारवार, मालवणचे मासे रोज येतात. त्यामुळे समुद्र आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर दूर असला तरी आठवड्यातून दोनदा आमच्या ताटात असतो.

समुद्राकडे आपण जितक्या सातत्याने पाहता तितक्या सातत्याने नाल्याकडे पाहत नाही, हे मला प्रथम नोंदवायचे आहे. एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने १९७५ साली समुद्रकाठच्या कालवांवर, म्हणजे शिंपल्यांत राहणाऱ्या जीवांवर, नजर ठेवण्याची कल्पना मांडली. कालवे एका जागी बसून पाणी गाळतात आणि पाण्यातले धातू व रसायने शरीरात साठवतात, तेव्हा दरवर्षी त्याच किनाऱ्यावरची कालवे तपासली की त्या किनाऱ्याची हकिकत कळते. अमेरिकेने १९८६ पासून हे काम सरकारी पातळीवर सुरू केले. आपल्या देशाच्या किनाऱ्यावरही ठरलेल्या जागी समुद्राचे पाणी तपासण्याचा कार्यक्रम कित्येक वर्षे चालू आहे. बळ्ळारी नाल्यात मात्र कोणी एका प्रकल्पापुरते येते, एक दिवस पाणी काढते आणि निघून जाते. दहा वर्षांपूर्वी याच जागी काय होते आणि आज काय आहे, याची तुलना कोणालाच करता येत नाही. नाल्यातले खेकडे आणि शिंपले आमच्या लहानपणी पोरे गोळा करायची. ते आज जिथे उरले असतील तिथून घेऊन तपासले तरी पुष्कळ कळेल.

माझी दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, म्हणून तिला जास्त जागा देतो. निकालाची वाट पाहून कंटाळल्यावर मी स्वतः नाल्याचे पाणी एका खासगी प्रयोगशाळेत नेले. तिथे पहिला प्रश्न आला तो पाणी पिण्याचे की सिंचनाचे, हा. मी सिंचनाचे सांगितले. आठवड्याने अहवाल हातात पडला, त्यावर चार आकडे होते, चारही मर्यादेच्या आत होते आणि खाली शिक्का होता : सिंचनास योग्य. मी ज्या दिवशी पाणी भरले त्या दिवशी नाला काळा होता, वर फेस आणि जलपर्णी होती आणि नाक धरल्याशिवाय काठावर उभे राहवत नव्हते. प्रयोगशाळेने खोटे लिहिले, असे माझे म्हणणे अजिबात नाही. तिने नियमाप्रमाणेच केले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे उपयोगानुसार अ ते ई असे पाच वर्ग केले आहेत आणि सिंचनाचे पाणी शेवटच्या ई वर्गात येते. त्या वर्गाला चारच कसोट्या आहेत : पीएच ६ ते ८.५ च्या दरम्यान, विद्युतवाहकता २,२५० मायक्रोम्होपर्यंत, सोडियम शोषण गुणोत्तर २६ पर्यंत आणि बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत. या चारांत शिसे नाही, कॅडमियम नाही, क्रोमियम नाही, कीटकनाशक नाही आणि जंतूही नाहीत. पाण्याने जमीन खारावेल का, पिकाला ते सोसेल का, एवढेच या कसोट्या विचारतात. त्या जमिनीत उगवलेले खाणाऱ्याचे काय होईल, चिखलात दिवसभर उभ्या असणाऱ्या बाईच्या पायांचे काय होईल, हे त्या विचारतच नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम आणि शिशाची ०.०१ मिलिग्रॅम आहे, इतकी काळजी आपण घोटभर पाण्याची घेतो. तेच पाणी भाताच्या मुळाशी चार महिने उभे राहिले तर मात्र त्याला कसोटीच लागत नाही.

हा प्रश्न मी कल्पनेने उभा केलेला नाही. जपानमधल्या तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला असलेल्या खाणीतून कॅडमियम नदीत येत राहिले आणि शेतकरी त्याच नदीचे पाणी भाताला देत राहिले. गावातल्या बायकांची, विशेषतः उतारवयातल्या, हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही ती मोडत. त्या कण्हताना जे शब्द उच्चारत तेच रोगाचे नाव पडले : इताई-इताई, म्हणजे दुखतंय, दुखतंय. नोबोरू हागिनो या तिथल्याच डॉक्टरने कारणाचा पाठपुरावा केला, आणि १९६८ साली जपान सरकारने हा आजार प्रदूषणामुळे झाल्याचे मान्य केले. तिथल्या शेतांतली माती बदलण्याचे काम २०१२ पर्यंत चालले. भात पिकवणाऱ्या माणसाने हे एकदा वाचले की त्याला स्वस्थ झोप लागणे कठीण आहे. कॅडमियमची आणखी एक गोष्ट भातवाल्यांनी तरी माहीत करून घ्यावी अशी आहे. शेतात पाणी उभे असते तोवर मातीत हवा नसते आणि कॅडमियम गंधकाशी बांधलेले राहते, पण दाणा भरण्याच्या सुमारास आपण पाणी सोडून शेत सुकवायला घेतो, मातीत हवा शिरते, ते मोकळे होते आणि मुळांवाटे दाण्यात जाते. आर्सेनिकचे याच्या उलट आहे, ते पाणी उभे असताना मोकळे होते. आमच्या मातीत यांतले काय आहे हे कळले तर पाणी कधी ठेवावे आणि कधी सोडावे एवढे तरी आम्ही ठरवू शकू. नुसत्या आकड्याने शेतकऱ्याला काय कळणार, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे.

आमच्या नाल्यात कॅडमियम आहेच, असे मी म्हणत नाही. उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप, वडगाव-शहापूरच्या मागांसाठी होणारी सुताची रंगाई, शहरातली इस्पितळे, गॅरेज, लाखो घरांची मोऱ्या-संडासे, यांतल्या कशाचे किती पाणी नाल्यात येते आणि त्यात काय असते, हे मोजल्याशिवाय कोणाकडेही बोट दाखवणे अन्यायाचे होईल. मोजणे हे आपले काम आहे. इस्पितळांचे नाव मुद्दाम घेतले. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. तिथले कारखाने आमच्याकडे नाहीत हे खरे, पण शुद्ध करून सोडलेल्या पाण्यातही काय उरू शकते ते त्यातून दिसते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची रचना मुळात घाण आणि जंतू कमी करण्यासाठी असते, धातू आणि औषधे काढण्यासाठी नसते. शिवाय अशी केंद्रे आहेतच किती? केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची आहे. उरलेले जिथे जाते त्या जागांपैकी एक आमच्या बांधालगत आहे.

गाळाकडे आपण कधी पाहणार, हाही प्रश्न आहे. पाण्यात न विरघळणारी रसायने आणि बहुतेक धातू पाण्यात फार काळ तरंगत नाहीत, ते मातीच्या कणांना धरून तळाशी बसतात. वरचे पाणी तुलनेने चांगले निघाले तरी खालच्या गाळात वीस वर्षांचे साठलेले असू शकते. पावसाळ्याआधी नाल्याची सफाई होते, ती व्हावी अशी मागणी आम्ही शेतकरीच करतो, कारण नाला तुंबला की पूर आमच्या उभ्या भातात शिरतो आणि आठ-आठ दिवस उतरत नाही. पण जेसीबीने काढलेला तो काळा, तेलकट गाळ टाकतात कुठे? काठावर, म्हणजे आमच्याच बांधावर. पहिल्या दोन पावसांत त्यातला निम्मा परत नाल्यात आणि निम्मा शेतात जातो. पूर्वी तळ्याचा गाळ खत म्हणून गाड्या भरून आणायचे, ती सवय अजून कित्येकांची आहे, आणि माझ्याच शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी नाल्याचा गाळ आपल्या वांग्याच्या वाफ्यांत पसरला. तो गाळ एकदाही तपासला गेलेला नाही. तपासून जर तो चांगला निघाला तर आम्हाला खतच मिळेल, आणि वाईट निघाला तर निदान वांग्यांत जाणार नाही.

नमुना कोणत्या वेळी घेता, यालाही महत्त्व आहे. फेब्रुवारीच्या सकाळी दहा वाजता भरलेली बाटली त्या क्षणाचे पाणी सांगते. आदल्या रात्री दोन वाजता काय वाहून गेले ते ती सांगत नाही, आणि मृगाच्या पहिल्या पावसात रस्ते, गटारे, गोदामांची अंगणे धुऊन जे एकदम येते तेही सांगत नाही. आमच्या लहानपणी पहिल्या पावसाला चढणीचे मासे नाल्यातून वर यायचे आणि पोरेसोरे टोपल्या घेऊन पाण्यात उतरायची. आता त्याच पहिल्या पावसात पोटे वर केलेले मासे मी पाहिले आहेत. कारण मला माहीत नाही. अमेरिकेत सिॲटलच्या परिसरातल्या ओढ्यांत असेच घडत होते. समुद्रातून अंडी घालायला वर येणारे कोहो जातीचे सामन मासे पाऊस पडला की मरत. ओढे स्वच्छ केले, झाडे लावली, तरी मरत. संशोधक वर्षानुवर्षे पावसाच्या पाण्यामागे राहिले आणि २०२० च्या अखेरीस त्यांनी कारण जाहीर केले : टायर लवकर खराब होऊ नयेत म्हणून रबरात घालतात ते ६पीपीडी नावाचे रसायन हवेतल्या ओझोनमुळे बदलते, रस्त्यावर झिजलेल्या रबरातून पावसाबरोबर ओढ्यात येते आणि त्या माशांना मारते. कोणत्याही यादीत नसलेले रसायन होते ते. केवळ यादीतल्या गोष्टी मोजत बसले असते तर त्यांना ते कधीच सापडले नसते. आमच्या नाल्यावरून, अलारवाडजवळ, राष्ट्रीय महामार्ग ४८ जातो आणि त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात. आमचे मासे टायरमुळे मरतात की आणखी कशाने, हे पावसात भिजून नमुने घेणाऱ्यालाच कळेल. अशी चिकाटी आपल्याकडच्या संशोधकांत नाही असे मी मानत नाही. त्यांना ती दाखवायला पुरेसा काळ आणि पैसा मिळत नाही, म्हणून हे पत्र प्रकल्पांना निधी देणाऱ्यांनाही उद्देशून आहे.

आता ज्या गोष्टीमुळे कदाचित आपण गप्प राहत असाल तिच्याबद्दल बोलतो. हे पत्र लिहितो आहे असे शिवारात सांगितल्यावर दोघा-तिघांनी मला चांगलेच सुनावले. आकडे बाहेर आले आणि वर्तमानपत्रात ‘बेळगावच्या भाजीत विष’ असा मथळा आला, तर पहाटे चार वाजता मेथी-कोथिंबीर घेऊन मार्केटला गेलेल्या माणसाने काय करायचे, असे ते विचारतात. शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या बासमतीचे नाव एकदा गेले तर परत येणार आहे का, असेही विचारतात. ही भीती खरी आहे आणि मला ती लहान वाटत नाही. ज्यांनी नाला घाण केला नाही त्यांच्याच मालाला गिऱ्हाईक नाही, अशी शिक्षा होऊ शकते. तरीही मला कळायला हवे आहे, कारण त्या मालाचे पहिले गिऱ्हाईक आम्हीच आहोत. माझी नात त्याच तांदळाची पेज खाऊन वाढते आहे. म्हणून माझे म्हणणे असे की निकाल लपवू नका, पण तो आधी आम्हाला सांगा, गावात येऊन सांगा, त्याचा अर्थ काय आणि काय नाही तेही सांगा, आणि मग जाहीर करा. लपवलेली माहिती शेवटी अफवा होऊनच बाहेर येते, आणि अफवेला मर्यादा नसते.

आमच्याकडे रोप लावणीला येणाऱ्या एक मावशी आहेत. वीस वर्षे त्या याच शिवारात चिखलात उतरतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी पाय दाखवले, पोटऱ्यांपर्यंत लाल चट्टे होते. म्हणाल्या, “सर, ह्या पाण्यात पाय घातला की रात्रभर आग सुटतंय बघा. तुमी शिकवल्यासा, तुमीच सांगा काय हाय ते.” मला सांगता आले नाही. ज्यांना सांगता येईल त्यांचे अहवाल इंग्रजीत असतात, क्वचित सरकारी पत्रक कन्नडमध्ये असते, आणि या पट्ट्यात चिखलात उतरणाऱ्या बहुतेक बाया मराठी बोलतात. भाषेचा वाद मला इथे आणायचा नाही. आमच्या बांधाला बांध लागून कन्नड बोलणारे शेतकरी आहेत आणि पाणी दोघांच्या शेतात सारखेच येते. माहिती कन्नडमध्ये आणि मराठीत, दोन्हींत यावी, इतकेच माझे मागणे आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या चौथ्या कलमात सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती स्वतःहून जाहीर करावी आणि ती पोहोचवताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असे लिहिलेलेच आहे.

कायद्याचाच आणखी एक दाखला देतो, कारण माझी मुख्य मागणी त्यातून आली आहे. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या एकविसाव्या कलमानुसार कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना तिथल्या मालकाला सूचना द्यावी लागते, आणि त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून ते मोहोरबंद करण्याची तरतूद आहे. उद्या वाद झाला तर त्यालाही आपली बाजू तपासून घेता यावी, हा त्यामागचा विचार, आणि तो योग्यच आहे. मग जो पाणी सोडतो त्याला दुसऱ्या बाटलीचा हक्क आणि ज्याच्या शेतात ते पाणी येते त्याला एकाही बाटलीचा नाही, हे कसे? कायदा शेतकऱ्याला बाटली द्या असे म्हणत नाही, पण देऊ नका असेही म्हणत नाही. हे आपण आपल्या पातळीवर, उद्यापासून करू शकता.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत. आमच्या जमिनीतून किंवा बांधावरून नमुना घ्याल तेव्हा त्याचा दुसरा भाग मोहोर लावून, क्रमांक आणि तारीख घालून, योग्य ते आम्ल किंवा बर्फ यांसह आम्हाला द्या. तो दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा की नाही ते आम्ही पाहू. निकाल साठ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीच्या किंवा वॉर्डाच्या फलकावर कन्नड आणि मराठीत लावा, आणि त्यात हे पाणी भाताला, पालेभाजीला, जनावरांना आणि त्यात उतरून काम करणाऱ्यांना चालेल की नाही हे साध्या शब्दांत लिहा. फक्त पाणी नेऊ नका, गाळ, शेतातली माती, तांदळाचा दाणा आणि नाल्यात जे जिवंत उरले असेल ते न्या. वर्षातून निदान चार वेळा या, त्यातली एक वेळ पहिल्या पावसाची आणि एक चोवीस तासांच्या सलग नमुन्यांची असू द्या. बळ्ळारी नाला, लेंडी नाला आणि मार्कंडेय यांवर कायमच्या जागा ठरवा आणि त्या दहा वर्षे बदलू नका. नाल्यातून काढलेला गाळ तपासल्याशिवाय बांधावर टाकला जाऊ नये, यासाठी अधिकाऱ्यांनी लेखी आदेश काढावा. सिंचनाच्या ई वर्गाच्या कसोट्यांत जड धातू, कीटकनाशके आणि जंतू यांचा समावेश करावा, अशी शिफारस आपण शास्त्रज्ञांनी करावी, कारण ती आम्ही केली तर कोणी ऐकणार नाही. आणि तपासणीत पाणी वाईट निघाले, तर दोष शोधण्याआधी त्या हंगामापुरती पर्यायी पाण्याची आणि नुकसानभरपाईची सोय कोण करणार, हे आधीच ठरवून आमच्याकडे या.

‘एस-४’ चे जे आकडे आजही कुठल्यातरी संगणकात आहेत ते मला हवेत, हे वेगळे सांगायला नको. त्या संस्थेने हे पत्र वाचले तर तिला कळेल.

ज्या वर्षी तो नमुना गेला त्या वर्षापासून प्रत्येक सुगीतला एक किलो तांदूळ मी काचेच्या बरणीत, शेताचा तुकडा आणि कापणीची तारीख लिहून, बाजूला ठेवत आलो आहे. तीन बरण्या झाल्या आहेत. त्या तपासायला मी कोणत्याही संस्थेला, कोणतीही अट न घालता, निम्म्या भरून द्यायला तयार आहे. निम्मा तांदूळ माझ्याकडे राहील.

कळावे,
आपला,
बळ्ळारी नाल्याकाठचा एक शेतकरी आणि निवृत्त विज्ञान शिक्षक,
वडगाव शिवार, बेळगाव